पाठीशी कोणीतरी

चादरवाल्या बाईंनी धुतलेल्या चादरींची ढकलगाडी आधी लिफ्टमध्ये लोटली, मग स्वतःला लोटलं, आणि दार बंद होता होता, कुणी काही विचारलेलं नसताना, समोरच्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘या वर्षी मी कुणाच्या वाट्याला आलेय ते ठाऊक नाही भाऊ, पण माणूस खरा आहे. एक दिवस चुकवत नाही. मला कळतं ना.’’ तो गाडी आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून उभा होता. चादरींना इस्त्रीची ऊब होती, ती त्याच्या पोटाला लागत होती. ‘हो का, छान,’ असं तो म्हणाला, चर्चमध्ये वाचन करताना लावतो त्या आवाजात. बाई तिसऱ्या मजल्यावर उतरल्या. त्याला दुसऱ्यावर उतरायचं होतं हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. मग तो तसाच वर गेला, सगळ्यात वरच्या मजल्यावर दार उघडलं, तिथे कुणी नव्हतं, दार बंद झालं आणि तो खाली आला. त्याचे कान गरम झाले होते. चुकवत नाही म्हणे एक दिवस. खरंच होतं, चुकवायला आधी धरावा लागतो. बाई ज्याच्या वाट्याला आल्या होत्या तो माणूस तोच होता, आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला तरी त्याने बाईंसाठी एकदाही प्रार्थना केलेली नव्हती.

ही पद्धत धर्मग्रंथात कुठे नाही, ती त्यांच्या म्हाताऱ्या फादरांच्या डोक्यातून निघालेली. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सगळे रांगेत पुढे येत, फादर अंगठ्याने कपाळावर राखेचा क्रूस काढत आणि त्याच वेळी वाकून कानात एक नाव सांगत. ईस्टरपर्यंत रोज त्या माणसासाठी प्रार्थना करायची आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ईस्टरच्या सकाळी मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘तुमच्यासाठी मी होतो.’ बस्स. या तीन शब्दांनी कितीतरी अबोले मोडलेले त्याने पाहिले होते. पूर्वी गुपित कसलं डोंबलाचं राहतंय, फादरांना कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांची कुजबुज मागच्या चौघांना स्पष्ट ऐकू जाई आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला कोण कुणाचा ते ठाऊक असे. गेल्या वर्षी त्यांच्या कानात यंत्र बसलं आणि कुजबुज कुजबुजीसारखी झाली. ते यंत्र त्यानेच बसवून दिलं होतं. हॉस्पिटलात कान तपासायची खोली होती, तिथला तंत्रज्ञ तो. सगळे त्याला कानवाले म्हणत. रविवारी वाचनाला तोच उभा राहायचा. शब्द सुटे, श्वास बेतशीर, शेवटच्या बाकापर्यंत आवाज स्वच्छ. लोक म्हणत, यांनी वाचलं की देव जवळ आल्यासारखा वाटतो. तोही कधी कधी मनातल्या मनात तसंच म्हणायचा, हे आता आठवून त्याला स्वतःची शिसारी आली.

नाव ऐकलं तेव्हाच त्याचा पाय घसरला होता. त्याच्या मनात दुसरी नावं होती. एखादा आजारी मुलगा, किंवा हॉस्पिटलातले हाडांचे मोठे डॉक्टर, ज्यांची बायको नुकतीच गेली होती. अशा माणसासाठी प्रार्थना करायला कसं बरं वाटलं असतं, आणि ईस्टरला त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायलाही. निघाल्या त्या चादरवाल्या बाई. त्याच हॉस्पिटलात कपड्यांच्या खोलीत काम करणाऱ्या, कँटीनमध्ये चारचौघांत नवऱ्याच्या अंथरुणाची घाण, पोटाच्या तक्रारी, सगळं मोठ्याने सांगणाऱ्या, आणि एकदा तो पायरीवर अडखळला तेव्हा खदखदून हसलेल्या. राख अजून कपाळावर ओली होती आणि त्याने मनात म्हटलं होतं, उद्यापासून करू. उद्या डोकं दुखत होतं. परवा त्याने ठरवलं, शनिवारी बसून मागचं सगळं एकदम भरून काढू. पण मागचं जितकं साचत गेलं तितकं त्याला तिकडे तोंड दाखवणं कठीण होत गेलं. ज्या घरी फार दिवसांत गेलो नाही त्या गल्लीनेच माणूस जायचं टाळतो, तसं. पुढे पुढे तर त्याला बाईंचाच राग यायला लागला. जिन्यात दिसल्या की तो दुसरीकडे वळायचा.

आणि घरी? घरची गोष्ट त्याला लिफ्टमध्ये आठवली नव्हती, ती दुपारी आठवली, आणि तेव्हा त्याने हातातला हेडफोन खाली ठेवला. त्याची बायको या दिवसांत पहाटे उठायची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोळे मिटून बसायची, आणि उठायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की तो मुद्दाम पाण्याचा ग्लास घ्यायला आत जायचा. एरवी तिची जीभ कात्रीसारखी. त्या अर्ध्या तासानंतर मात्र ती त्याच्या शर्टाच्या कॉलरवरून उगाच हात फिरवायची. तोही सकाळी बाहेरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. बायको मग भांडी वाजू द्यायची नाही, रेडिओ बारीक करायची, एकदा दूधवाल्याला दारातच तिने बोटाने गप्प केलं होतं: आत प्रार्थना चालू आहे. आत तो नखं कापत बसलेला असायचा. कधी पेपर वाचायचा, पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून जपून, दोन्ही हातांनी. ते जपून पान उलटणं त्याला आता दिसलं, स्वतःचेच दोन हात दिसले, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला वाटलं. देवाला फसवलं याचं त्याला तितकंसं वाटलं नाही, देव काय, आधीच जाणून असणार. पण तिने दूधवाल्याला गप्प केलं होतं.

तपासणी मात्र चालू होती. काचेपलीकडच्या आवाजबंद खोलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पद्धत साधी असते: हेडफोनमधून बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की माणसाने बोट वर करायचं, मग सूर आणखी बारीक करत जायचं. पण काही माणसं सूर नसतानाही बोट वर करतात. काहींना नापास व्हायची भीती असते, काहींना खरंच काहीतरी ऐकू येतं. म्हातारेबुवा तसेच होते. त्याने काहीच सोडलेलं नव्हतं आणि ते मान तिरकी करून, हसून, बोट वर करत होते. अशी बोटं धरायची नसतात. बाईंचंही तेच, त्याच्या मनात आलं. कुणी काही पाठवलेलं नाही आणि यांचं आपलं बोट वर. क्षणभर त्याला हलकं वाटलं, सुटल्यासारखं. मग त्या हलकं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की त्याने म्हाताऱ्यांना एक मोठा, न मागितलेला सूर सोडला, आणि ते दचकले.

दुसऱ्या दिवशी तो कपड्यांच्या खोलीत गेला. आपल्या खोलीतल्या खुर्चीवर टाकायला चादर हवी, असं निमित्त काढलं. बाई दोन टोकं हनुवटीखाली धरून चादरीची घडी घालत होत्या. त्याने नवऱ्याची चौकशी केली, आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी घडी न थांबवता सांगितलं. अर्धांगवायू झाल्याला दोन वर्षं होत आली, डावी बाजू गेली नि बोलणं गेलं. नाताळानंतर त्यांनी त्याला ठेवायला एक ठिकाण पाहिलं होतं, ननबाया चालवतात ते, जागाही मिळाली होती. इतकंच काय, एका संध्याकाळी भरवताना तो थुंकला तेव्हा त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली होती. ‘‘लुळ्या माणसाला हो,’’ त्या म्हणाल्या. मग उपवासकाळ लागला. पहिल्याच आठवड्यात त्यांना सकाळी जाग आली ती वेगळीच. अंग तेच दुखत होतं, खोलीला वास तोच होता, पण आतून कसं निवांत. कुणीतरी आपल्या पाठीशी हात ठेवून उभं आहे असं. तशाच अंथरुणात बसून त्यांनीही प्रार्थना केली, नि मग रोजच करायला लागल्या. नवऱ्याचं अंग पुसताना आपण गुणगुणतोय हे त्यांना एके दिवशी कळलं. ‘‘म्हटलं, परका माणूस माझ्यासाठी रोज गुडघे टेकतोय, आणि मी सख्ख्या नवऱ्याला टाकू? जागा नको म्हणून कळवून टाकलं मी.’’ त्यांनी चादर त्याच्या हातात दिली. त्याला ती इतकी जड लागली की काय सांगावं.

आता हे ओझं नुसतं त्याच्या लाजेचं राहिलं नव्हतं. ईस्टरच्या सकाळी खरं सांगितलं तर बाईंच्या पाठीवरचा हात निघणार, आणि पुढच्या एखाद्या संध्याकाळी तो माणूस पुन्हा थुंकणार. खोटं सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते तो फुकटात खाणार. काहीच केलं नाही, घरी बसला, तर त्या अंगणात वाट बघत उभ्या राहणार, सगळ्यांना आपापलं माणूस भेटेल आणि त्यांना नाही. तिन्ही वाटा त्याने चालून पाहिल्या, रस्त्यात, जेवताना, दात घासताना. बायकोने विचारलं, ‘अहो, तोंड का असं?’ त्याने पित्त झाल्याचं सांगितलं. तिने बिचारीने आलं ठेचून दिलं.

बुधवारी तो पापनिवेदनाला गेला. फादरांकडे नेहमी मोठी रांग असे, त्याचं कारण उघड होतं: त्यांना निम्मं ऐकू येत नसे आणि क्षमा पूर्ण मिळे. तोही सवयीने त्याच भरवशावर जाळीपाशी टेकला, खालच्या आवाजात घडाघडा बोलला, आणि मध्येच त्याला आठवलं की आता यांच्या कानात यंत्र आहे, आणि ते आपणच इतकं नीट बसवलंय की सुई पडली तरी ऐकू यावी. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. फादर रागावतील असं त्याला वाटलं, रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी विचारलं, ‘‘बाईंचे गुडघे दुखतात, ठाऊक आहे तुला?’’ त्याला ठाऊक नव्हतं. ‘‘मग तुला प्रार्थना करता आलीच नसती. कुणासाठी करणार होतास? नावासाठी?’’ त्यांनी क्षमा दिली, पूर्णच दिली, आणि उरलेले दिवस कर म्हणाले. ईस्टरला काय सांगू, असं त्याने विचारलं. ते मला विचारू नकोस, असं म्हणून त्यांनी जाळीवरचा पडदा ओढून घेतला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो आवाजबंद खोलीत जाऊन बसला. इतकी वर्षं त्याने लोकांना तिथे बसवलं होतं, स्वतः दार ओढून घेऊन कधी बसला नव्हता. तिथली शांतता घरातल्या शांततेसारखी नसते. आधी स्वतःचा श्वास मोठा होतो, मग गिळलेली थुंकी, मग कानात रक्ताचा एक सूर लागतो. तो खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर बसला. तोंडातून वाचनातली वाक्यं आली, स्वच्छ, सुटी, आणि त्या भिंतींनी ती जागच्या जागी शोषून घेतली; काही परत आलं नाही. मग तो माझी चूक, माझी चूक म्हणत राहिला, आणि थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं की यातही बाई कुठेच नाहीत, याही वेळी व्यासपीठावर आपणच. त्याने डोळे उघडले. जमिनीवरच्या जाजमाने त्याचे गुडघे दुखायला लागले होते. हे एवढं खरं होतं. बाईंचे गुडघे, तो म्हणाला. बस, तेवढंच. बाईंचे गुडघे आणि त्यांचा जिना. घरात जिना असेल का? असेल तर जिना. हनुवटीखाली चादर धरून त्यांची मान आखडत असेल, ती मान. भरवताना चमच्यावरून ओघळतं ते. थोबाडीत मारली तो हात, आणि त्या रात्री त्या हाताचं त्यांनी काय केलं असेल, कुठे ठेवला असेल. त्या माणसाचं गेलेलं बोलणं, ते आत कुठे साठत असेल तर तिथे. तो आवाज लावत नव्हता, शब्द पुरेसे नव्हते, तुटत होते, मध्येच थांबून तो विचार करत होता आणि तो विचारही त्यातच जात होता.

लहानपणी, नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, आई पीठ मळताना पुटपुटत प्रार्थना करायची. तो पाठीमागून जाऊन तिच्या पाठीला कान लावायचा. शब्द कळत नसत. नुसता एक घुमणारा आवाज, हाडांतून येणारा, कधी थांबून हसणारा, कारण कान लावला की तिला गुदगुल्या होत; आणि पिठाचा वास, आणि आतून येणारी धग. ती कुणासाठी प्रार्थना करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. जगात सगळं ठीक आहे असं त्याला जर कधी खात्रीने वाटलं असेल तर ते त्या पाठीला कान लावून. इतकी वर्षं तो ते विसरला होता असं नव्हे, वाचनाच्या आवाजाखाली ते ऐकूच येत नव्हतं. आता त्या बंद खोलीत, घामेजलेल्या शर्टात, ते आलं. आवाज नव्हे, ती धग. त्याचे खांदे खाली आले. आपण हसतोय असं त्याला वाटलं, गालाला हात लावून पाहिलं तर खरंच हसत होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली असेल, त्याला ऐकू आली नाही. किती तरी वेळ तो नुसता आनंदात बसला होता, आणि त्या आनंदात तो स्वतः फार थोडा होता.

आणि बाहेर येऊन दिवे लावतो न लावतो तोच लाज पुन्हा हजर, आता नव्या कपड्यांत. बाईंच्या नावाने मांडलेलं ताट आणि जेवला कोण, तर हा. शुक्रवारी आणि शनिवारीही तो बसला. कधी धग आली, कधी नुसते गुडघे दुखले. लाज दोन्ही वेळा सोबत होतीच. पण ती आता त्याला दाराबाहेर धरून ठेवत नव्हती. मागोमाग आत येऊन कोपऱ्यात बसत होती.

ईस्टरच्या सकाळी अंगणात ऊन होतं. माणसं एकमेकांना शोधत होती, हात धरत होती, कुणी रडत होतं, त्याच्या बायकोपुढे शाळेतल्या एक निवृत्त बाई उभ्या होत्या आणि दोघी हसत होत्या. चादरवाल्या बाई भिंतीपाशी होत्या. त्यांनी नवऱ्याला आणलं होतं, चाकांच्या खुर्चीतून, दाढी करून, भांग पाडून. घराबाहेर त्याला फार दिवसांनी ऊन लागत असावं, तो एक डोळा मिटून बसला होता. बाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माणूस पुढे गेला की पुन्हा दुसऱ्याकडे. ते त्याला बघवेना. तो गेला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. ‘तुमच्यासाठी मी होतो,’ एवढे शब्द सवयीने बाहेर पडले.

बाईंचा चेहरा असा उजळला की त्याला मागे सरावंसं वाटलं. ‘‘भाऊ, तुम्ही?’’ त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वाकून, मोठ्याने, ‘‘अहो, हे बघा, हेच ते.’’ नवऱ्याने चांगला होता तो उजवा हात पुढे केला आणि याचा हात धरला. तळहात कोरडा होता आणि पकड विलक्षण घट्ट.

‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘मी केली नाही. या गुरुवारपर्यंत एकही दिवस केली नाही. तुम्ही लिफ्टमध्ये म्हणालात तेव्हाही केलेली नव्हती.’’

त्याचा वाचनाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. शेवटचं वाक्य नीट ऐकूही आलं नसेल. पण आलं. बाईंनी खुर्चीच्या दांड्यावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला नाही, हळूहळू गेला, आणि त्याला तो जाताना बघावा लागला. त्याने रागाची वाट पाहिली. ‘‘मग कोण होतं?’’ त्या म्हणाल्या. त्याला विचारलं असं वाटलं नाही. त्याने मान खाली घातली. निघून जावं म्हणून हात सोडवायला गेला तर सुटेना. त्याने थोडा जोर केला. नवरा त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होता.

‘‘ते सोडत नाहीत,’’ बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. ‘‘धरलं की बोटं उघडतच नाहीत त्यांची. मी येईपर्यंत बसा.’’

आणि त्या चर्चमध्ये गेल्या, गुडघ्यांमुळे एकेक पायरी दोन्ही पाय ठेवून. तो खुर्चीच्या बाजूला जमिनीवरच बसला, चांगल्या पँटमध्ये, हात वर, लोकांच्या येण्याजाण्यात. सगळे बघत होते असं त्याला वाटलं, कदाचित कुणी बघतही नव्हतं. आत बाई काय म्हणत असतील, कुणाला म्हणत असतील, जागा अजून आहे का म्हणून उद्याच ननबायांकडे विचारतील का. तो घाबरला होता. घाबरून त्याने तिथेच सुरू केलं, डोळे न मिटता, भर उन्हात, बाईंच्या पायऱ्या, बाईंचा राग, आणि हा हात. तो कोरडा, घट्ट हात त्याला धरून होता. शरमेने त्याचं तोंड पेटलेलं होतं, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, काहीतरी निवत होतं.

बाई बऱ्याच वेळाने आल्या. डोळे पुसलेले होते, लाल होते. त्यांनी सरावाने नवऱ्याची बोटं एकेक करून उघडली आणि त्याचा हात मोकळा केला. मनगटावर वळ उठले होते. तो उठला, काही बोलायला गेला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. खुर्ची फाटकाकडे वळवून त्या चालायला लागल्या, आणि थोडं गेल्यावर थांबल्या.

‘‘मी सहाला उठते,’’ त्या मागे न बघता म्हणाल्या. ‘‘उद्यापासून तुम्हीही उठा.’’